न्युर्नबर्गचा नाताळ बाजार

न्युर्नबर्गचा नाताळ बाजार (जर्मन नाव: क्रिस्टकिंडलेसमार्क्ट) हा जर्मनीतील बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या न्युर्नबर्ग शहरात दरवर्षी भरणारा पारंपरिक बाजार आहे. शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत, हाउप्टमार्क्ट म्हणजेच मुख्य बाजार चौकात तो भरतो. ख्रिस्ती पंचांगातील आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापूर्वीच्या शुक्रवारी त्याचे उद्घाटन होते आणि २४ डिसेंबर रोजी दुपारी तो संपतो. आगमनकाळाचा पहिला रविवार दरवर्षी बदलत असल्याने उद्घाटनाचा दिवस २५ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या दरम्यान कधीही येतो. सुमारे १८० लाकडी दुकाने आणि दरवर्षी येणारे सुमारे २० लाख पर्यटक यांमुळे हा बाजार जगातील सर्वाधिक प्रसिद्ध नाताळ बाजारांपैकी एक गणला जातो.

जर्मनभाषक प्रदेशातील हा सर्वांत जुना नाताळ बाजार मात्र नव्हे. ड्रेस्डेन येथील श्ट्रीत्सेलमार्क्ट या बाजाराची परंपरा १४३४ पर्यंत आणि आज फ्रान्समध्ये असलेल्या स्त्रासबुर्गच्या बाजाराची परंपरा १५७० पर्यंत मागे जाते. न्युर्नबर्गची ख्याती प्राचीनतेपेक्षा तेथील कारागिरी, कडक बाजारनियम आणि ‘क्रिस्टकिंट’ या व्यक्तिरेखेच्या हस्ते होणारे उद्घाटन यांवर उभी आहे. यांतील उद्घाटनाचा आजचा थाट विसाव्या शतकातील असून त्याचा उगम निर्वेध नाही.

नाव

‘क्रिस्टकिंट’ म्हणजे ख्रिस्तबाळ, बाळ येशू. ‘किंडले’ हे त्याचे स्थानिक फ्रांकोनियन बोलीतील लाडिक रूप आहे. मध्ययुगात युरोपातील मुलांना डिसेंबरमध्ये संत निकोलस भेटी आणतो असे सांगितले जाई. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर व त्यांच्या अनुयायांनी संतांच्या पूजेला विरोध केला. तेव्हा भेटी आणणारा म्हणून संताच्या जागी ख्रिस्तबाळाची कल्पना पुढे आली आणि भेटी देण्याचा दिवसही नाताळकडे सरकला. न्युर्नबर्ग शहराने १५२५ मध्ये ल्यूथरचा पंथ स्वीकारला असल्याने तेथे ही प्रथा लवकर रुजली.

पुढे लोककल्पनेत या बाळाचे रूप पालटले. पाळण्यातील अर्भकाची जागा सोनेरी कुरळ्या केसांच्या, मुकुट घातलेल्या, देवदूतासारख्या मुलीने घेतली. मूळची प्रोटेस्टंट असलेली ही कल्पना आज बव्हेरिया आणि ऑस्ट्रिया या बहुतांशी कॅथलिक प्रदेशांतच अधिक जिवंत आहे, तर उत्तर जर्मनीतील प्रोटेस्टंट घरांत भेटी आणण्याचे काम दाढीवाल्या ‘नाताळबाबा’कडे गेले आहे.

स्थळ

हाउप्टमार्क्ट हा पेग्निट्झ नदीच्या उत्तर तीरावरील चौक असून त्याच्या पूर्व बाजूस फ्राउएनकिर्शे (मरियामातेचे चर्च) आहे. चर्चच्या दर्शनी भागावर १५०९ मध्ये पूर्ण झालेले यांत्रिक घड्याळ आहे. रोज दुपारी १२ वाजता त्यातील सात निर्वाचक राजपुत्रांच्या प्रतिमा सम्राट चौथा कार्ल याच्या मूर्तीभोवती फिरतात. सम्राटाच्या निवडणुकीचे नियम ठरवणाऱ्या १३५६ च्या ‘गोल्डन बुल’ या राजाज्ञेचे हे स्मारक आहे. चौकाच्या वायव्य कोपऱ्यात श्योनर ब्रुनन (सुंदर कारंजे) हे सुमारे १९ मीटर उंचीचे, चाळीस मूर्तींनी सजलेले कारंजे आहे. मूळ कारंजे चौदाव्या शतकाच्या अखेरचे असून आज दिसते ती विसाव्या शतकाच्या आरंभी केलेली प्रतिकृती होय. त्याच्या जाळीतील पितळी कडे फिरवल्यास इच्छा पूर्ण होते अशी समजूत असल्याने बाजाराच्या दिवसांत तेथे सतत गर्दी असते.

हा चौक मुळात बाजारासाठी मोकळी असलेली जागा नव्हती. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे शहरातील ज्यूंची वस्ती होती. १६ नोव्हेंबर १३४९ रोजी चौथ्या कार्लने ज्यूंची घरे पाडून तेथे चौक करण्याची आणि प्रार्थनागृहाच्या जागी मरियामातेचे चर्च बांधण्याची परवानगी शहराला दिली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबर रोजी झालेल्या हत्याकांडात किमान ५६२ ज्यू मारले गेले. बळींची नावे ज्यू समाजाच्या स्मरणग्रंथात नोंदलेली आहेत. चर्चचे बांधकाम १३५२ मध्ये सुरू झाले. आज चर्चच्या आत फरशीवर डेव्हिडचा तारा कोरून त्या प्रार्थनागृहाची आठवण ठेवली आहे. आगमनकाळातील गर्दीत फार थोडे पाहुणे तो पाहण्यासाठी आत जातात.

इतिहास

आरंभ

बाजार नक्की केव्हा सुरू झाला हे सांगणारा दस्तऐवज उपलब्ध नाही. आठवडी बाजारातून तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारणतः १६१० ते १६३९ या काळात, वेगळा झाला असावा असे मानले जाते. सर्वांत जुना पुरावा म्हणजे एक लहानशी लंबगोल लाकडी डबी. सुमारे १९ सेंटीमीटर लांबीची ही रंगीत डबी शहरातील जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात (गेर्मानिशेस नॅशनलम्युझियम) आहे. एका तरुणीने ती दुसरीला ‘किंडलेस-मार्क’च्या निमित्ताने १६२८ मध्ये पाठवल्याची नोंद डबीवरच केलेली आहे. तीस वर्षांच्या युद्धाने जर्मनी होरपळत असताना न्युर्नबर्गमध्ये नाताळची भेट पाठवण्याइतका हा बाजार रुळलेला होता, एवढे त्यावरून निश्चित कळते.

१७३७ च्या यादीनुसार शहरातील जवळपास सर्व प्रकारच्या कारागिरांची या बाजारात हजेरी असे आणि सुमारे १४० जणांना माल मांडण्याचा हक्क होता. बाहुल्या, लाकडी खेळणी आणि पितळी वस्तू यांसाठी न्युर्नबर्ग तेव्हा सर्व युरोपात ओळखले जाई. त्यामुळे स्थानिक कारागिरांना वर्षातील सर्वांत मोठी घाऊक व किरकोळ विक्री साधण्याची ही संधी असे.

एकोणिसाव्या शतकात नाताळ हा घरगुती, कौटुंबिक सण बनत गेला आणि मोठी दुकाने उभी राहिली. खेडवळ व जुनाट वाटू लागलेल्या बाजाराची उपेक्षा सुरू झाली. १८९८ मध्ये त्याला मुख्य चौकातून हलवून पेग्निट्झ नदीतील शुट बेटावर नेण्यात आले. पुढील साडेतीन दशके तो शहरात जागा बदलत राहिला.

नाझी राजवट

आज ‘पुरातन’ वाटणारा बाजाराचा बराचसा थाट १९३३ नंतरचा आहे. नाझी पक्षाने न्युर्नबर्गची निवड आपल्या वार्षिक महामेळाव्यांचे शहर म्हणून केली होती आणि मध्ययुगीन जर्मन वैभवाचे प्रतीक म्हणून या शहराचे प्रदर्शन करणे हा त्या प्रचाराचा भाग होता. महापौर विली लीबेल यांच्या कारकिर्दीत बाजार पुन्हा मुख्य चौकात आणण्यात आला. त्या चौकाचे नाव तेव्हा ‘अडोल्फ हिटलर चौक’ असे होते. ४ डिसेंबर १९३३ रोजी बालगायकांचा वृंद, घंटानाद आणि दोन देवदूतांसह अवतरलेले क्रिस्टकिंट अशा नाट्यमय समारंभाने त्याचे उद्घाटन झाले. धार्मिक आशय पातळ करून नाताळला ‘जर्मन लोकांचा’ उत्सव ठरवण्याच्या धोरणाशी हे सुसंगत होते. ज्या शहरात १९३५ मध्ये ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर झाले, त्याच शहराचे हे सोज्ज्वळ रूप होते. ऑगस्ट १९३८ मध्ये, म्हणजे देशभरातील नोव्हेंबरच्या हिंसाचारापूर्वीच, येथील मुख्य ज्यू प्रार्थनागृह जाहीर समारंभ करून पाडण्यात आले. ते जेथे उभे होते त्या आजच्या हान्स-झाक्स चौकात १९९९ पासून मुलांचा स्वतंत्र नाताळ बाजार भरतो.

युद्ध सुरू झाल्यावर बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या हवाई हल्ल्यात जुन्या शहराचा सुमारे नव्वद टक्के भाग उद्ध्वस्त झाला. श्योनर ब्रुनन हे कारंजे काँक्रीटच्या आवरणात झाकून ठेवल्याने वाचले; फ्राउएनकिर्शेच्या मात्र भिंती आणि दर्शनी भागच उरला.

पुनरारंभ

१९४८ मध्ये, शहराचे बहुतेक ढिगारे अजून उपसायचे असताना, बाजार पुन्हा हाउप्टमार्क्टवर भरला. शहराच्या नाट्यगृहातील नाट्यसल्लागार फ्रीडरिख ब्रोगर यांनी उद्घाटनासाठी नवे पद्य लिहिले. काही ठिकाणी बदलून ते आजही म्हटले जाते. फ्रीडरिख यांचे वडील, कामगार कवी कार्ल ब्रोगर, यांना नाझींनी १९३३ मध्ये डाखाऊ छळछावणीत डांबले होते; म्हणजे नाझींनी बाजाराला नवा साज चढवला तेच हे वर्ष. समारंभाचा सांगाडा मात्र युद्धोत्तर शहराने बराचसा तोच ठेवला. चर्चच्या सज्जातील क्रिस्टकिंट, दोन देवदूत, वृंदगान ही मांडणी टिकली आणि तिचा मूळ राजकीय संदर्भ अनेक वर्षे चर्चेत आला नाही. अलीकडच्या दशकांत शहराच्या इतिहासलेखनात त्याची स्पष्ट नोंद घेतली जाते.

क्रिस्टकिंटची निवड

१९४८ पासून १९६० पर्यंत अभिनेत्री सोफी केझर यांनी आणि त्यानंतर १९६८ पर्यंत इरेन ब्रुनर यांनी क्रिस्टकिंटची भूमिका केली. १९६९ पासून व्यावसायिक अभिनेत्रीऐवजी शहरातीलच एका मुलीची दर दोन वर्षांनी निवड होऊ लागली. उमेदवाराचे वय १६ ते १९ असावे, ती न्युर्नबर्गमध्ये जन्मलेली किंवा दीर्घकाळ राहणारी असावी, तिची उंची किमान १६० सेंटीमीटर असावी आणि तिला उंचीची भीती नसावी अशा अटी आहेत. शेवटची अट औपचारिक नाही: उद्घाटनाच्या वेळी तिला चर्चच्या दर्शनी भागावरील उघड्या सज्जात उभे राहून पाठ केलेले पद्य हजारो लोकांपुढे म्हणावे लागते. नागरिकांच्या मतदानातून अंतिम उमेदवार ठरतात आणि परीक्षक मंडळ त्यांतून एकीची निवड करते.

सज्जातील काही मिनिटांपेक्षा पुढील चार आठवड्यांचे काम अधिक कष्टाचे असते. निवडलेल्या मुलीला रुग्णालये, वृद्धाश्रम, बालवाड्या आणि अपंगांच्या संस्था येथे शंभराहून अधिक भेटी द्याव्या लागतात. पांढरा-सोनेरी पोशाख, उंच मुकुट आणि सोनेरी केसांचा टोप हा वेष ठरलेला आहे. टोप सर्वच मुली घालतात, मग त्यांचे स्वतःचे केस कोणत्याही रंगाचे असोत.

२०१९ चा वाद

ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस बेनिग्ना मुन्सी या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीची निवड झाली. तिचा जन्म न्युर्नबर्गचाच असून आई जर्मन व वडील भारतीय वंशाचे आहेत. निवडीनंतर अल्टरनाटिव्ह फ्यूर डॉइचलांट या अतिउजव्या पक्षाच्या म्युनिक परिसरातील एका जिल्हा शाखेने तिच्या छायाचित्रासह समाजमाध्यमावर मजकूर टाकला. एके दिवशी जर्मनांची गतही ‘इंडियनर’ लोकांसारखीच होईल, असा त्याचा आशय होता. जर्मन भाषेत ‘इंडियनर’ म्हणजे अमेरिकेतील मूळनिवासी. भारतीयांना ‘इंडर’ म्हणतात. बाहेरून आलेल्यांनी मूळ रहिवाशांना नष्ट केल्याचा इतिहास शहरातच जन्मलेल्या एका मुलीच्या निवडीला जोडून या मजकुराने तिला परके ठरवले होते.

त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. महापौर उलरिख माली आणि बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांनी मुन्सीला जाहीर पाठिंबा दिला, हजारो नागरिकांनी समर्थनाचे संदेश पाठवले. मजकूर काढून टाकण्यात आला आणि संबंधित शाखेच्या प्रमुखाने क्षमा मागितली. २९ नोव्हेंबर २०१९ रोजी मुन्सीने ठरल्याप्रमाणे सज्जातून बाजाराचे उद्घाटन केले. क्रिस्टकिंट हे श्रद्धेचे प्रतीक, शहराचे प्रतीक की एखाद्या वंशाचे, हा प्रश्न या वादाने उघडपणे पुढे आणला. निवडीच्या नियमांत जन्म व वास्तव्य यांचा उल्लेख आहे, वंशाचा नाही. तिच्या कार्यकाळाच्या दुसऱ्या वर्षी कोविड-१९ महासाथीमुळे बाजारच भरला नाही. २०२१ मध्येही तो ऐनवेळी रद्द झाला आणि २०२२ पासून पुन्हा भरू लागला.

बाजाराचे स्वरूप

दुकाने साध्या लाकडी फळ्यांची असून त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापडी छत असते. ती वर्षभर गोदामात ठेवून नोव्हेंबरमध्ये चौकात उभारली जातात. अनेक दुकाने एकाच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. महानगरपालिकेचा बाजार विभाग कोणता माल विकता येईल यावर बारकाईने लक्ष ठेवतो. प्लॅस्टिकच्या हिरव्या माळा आणि ध्वनिमुद्रित गाणी यांना मज्जाव आहे; संगीत ऐकू येते ते गायकवृंदांचे व वादकांचे. सर्वांत सुंदर सजवलेल्या दुकानांना सुवर्ण, रौप्य व कांस्य असे पुरस्कार दिले जातात. पुरस्काराचे नाव ‘सुक्या आलुबुखाराचा माणूस’ असे आहे.

हा ‘माणूस’ म्हणजे न्युर्नबर्गच्या बाजाराची खास वस्तू. तारेच्या सांगाड्यावर सुकवलेले आलुबुखार ओवून हातपाय करतात, डोक्यासाठी रंगवलेला अक्रोड बसवतात आणि त्याला कापडी कपडे चढवतात. शेतकरी, डॉक्टर, संगीतकार, नवरा-नवरी अशी शेकडो रूपे त्यात मिळतात. दुसरी खूण म्हणजे ‘राउशगोल्ड’ देवदूत. अतिशय पातळ पितळी पत्र्याच्या चुण्या पाडून त्याचा झगा व पंख केले जातात. पत्रा हलला की सळसळतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. एका बाहुलीकाराने आपल्या मृत मुलीच्या आठवणीत पहिला देवदूत घडवला, अशी दंतकथा सांगितली जाते.

खाद्यपदार्थ

लेबकूखेन हा मध, सुकामेवा व मसाले घालून केलेला केकसारखा पदार्थ न्युर्नबर्गमध्ये मध्ययुगापासून बनतो. शहराभोवतीच्या राजवनात मधमाशीपालनाचा परवाना असलेले मधपाळ होते, त्यामुळे मध जवळच मिळे. मसाले मात्र दूरवरून येत. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, आले हा माल भारतातून व आग्नेय आशियातून अरब व व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत आल्प्स ओलांडून येथे पोहोचे. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग शोधल्यावर न्युर्नबर्गच्या व्यापाऱ्यांनी त्यातही भांडवल घातले: १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेइदाच्या नेतृत्वाखाली भारताकडे निघालेल्या ताफ्यातील तीन जहाजांत आउग्सबुर्गच्या व्यापारी घराण्यांबरोबर न्युर्नबर्गच्या इमहोफ व हिर्शफोगेल या घराण्यांचाही वाटा होता. ‘एलिझेनलेबकूखेन’ हा उत्तम प्रकार होय. त्यात किमान २५ टक्के बदाम, हेझलनट किंवा अक्रोड असावे लागतात आणि पीठ १० टक्क्यांहून अधिक चालत नाही. ‘न्युर्नबर्गर लेबकूखेन’ हे नाव युरोपीय संघात भौगोलिक निर्देशांकाने संरक्षित आहे.

तसेच संरक्षण २००३ पासून न्युर्नबर्गच्या सॉसेजलाही आहे. डुकराच्या मांसाचे, मरवा घातलेले हे सॉसेज ७ ते ९ सेंटीमीटर लांबीचे व २० ते २५ ग्रॅम वजनाचे असते आणि बाजारात तीन सॉसेज एका पावात घालून देतात. रात्री दरवाजे बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून गिऱ्हाइकाला देता यावीत म्हणून ती इतकी बारीक केली, अशी गंमतीची आख्यायिका आहे.

‘ग्ल्यूवाइन’ ही मसाले घालून गरम केलेली वाइन चिनी मातीच्या पेल्यात मिळते. न्युर्नबर्गमध्ये तिचा ब्लूबेरीचा प्रकारही लोकप्रिय आहे. पेल्यासाठी अनामत रक्कम घेतली जाते व तो परत केल्यावर ती मिळते. पेल्यावरील चित्र दरवर्षी बदलत असल्याने अनेक पाहुणे अनामत सोडून देऊन पेला घरी नेतात. मुलांसाठी मद्यरहित फळांचा गरम रस असतो.

भेट

बाजारात प्रवेश विनामूल्य असून तो साधारणपणे सकाळी १० ते रात्री ९ पर्यंत चालू असतो. मुख्य रेल्वे स्थानकापासून जुन्या तटबंदीतून, सेंट लॉरेन्झ चर्चजवळून आणि पेग्निट्झवरील पुलावरून चालत गेल्यास पंधरा मिनिटांच्या आत चौक येतो. भुयारी रेल्वेचे सर्वांत जवळचे स्थानक लॉरेन्झकिर्शे हे आहे. शनिवार-रविवारी सायंकाळी चौकातून पुढे सरकणेही अवघड होते. कारागिरी निवांत पाहायची असल्यास कामकाजाच्या दिवशी सकाळची वेळ सोयीची ठरते. उद्घाटन सायंकाळी साडेपाचला होते आणि त्यासाठी लोक बरेच आधीपासून जागा धरून उभे राहतात. समारंभापूर्वी चौकातील दिवे मालवले जातात.

मुख्य चौकाला लागून असलेल्या नगरभवनाजवळ न्युर्नबर्गशी मैत्रीकरार असलेल्या शहरांची दुकाने असतात. पिवळ्या रंगाच्या जुन्या टपालगाडीतून घोड्यांमागे बसून जुन्या शहरातून फेरी मारता येते. डिसेंबरच्या पूर्वार्धात एका सायंकाळी शाळांतील हजाराहून अधिक मुले स्वतः बनवलेले कंदील घेऊन किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत मिरवणुकीने जातात. ही मिरवणूकही १९४८ पासूनची आहे.

१९ डिसेंबर २०१६ रोजी बर्लिनच्या ब्राइटशाइटप्लात्स येथील नाताळ बाजारावर ट्रक घालून हल्ला झाल्यानंतर जर्मनीतील सर्वच बाजारांची सुरक्षा वाढवण्यात आली. न्युर्नबर्गमध्येही चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर वाहनरोधक अडथळे बसवलेले असतात.

प्रभाव

या बाजाराच्या धर्तीवर जर्मनीबाहेरही बाजार सुरू झाले आहेत. त्यांपैकी अमेरिकेतील शिकागो शहरात १९९६ पासून भरणारा बाजार सर्वांत प्रसिद्ध असून त्याने न्युर्नबर्गची लाल-पांढरी छते आणि क्रिस्टकिंट दोन्ही उचलली आहेत.